अहवालातला स्वल्पविराम

बी.कॉम. झालेल्या माणसाला साहित्यातले काही कळत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. बी.ए. झालेल्याला पैशातले काही कळत नाही, असाही आहे. पण तो समज बी.ए. झालेले लोक स्वतःच कौतुकाने पसरवतात. आम्हां वाणिज्यवाल्यांना मात्र समीक्षेच्या मांडवात कोणी सतरंजीच्या कडेलासुद्धा बसू देत नाही. म्हणून मी असा एक वाङ्मयप्रकार निवडला आहे, की ज्याच्यावर अजून एकाही प्राध्यापकाची नजर गेलेली नाही. कादंबरीपेक्षा लांब, नवकवितेपेक्षा दुर्बोध आणि रोज पहाटे न चुकता प्रसिद्ध होणारा. एका जागी बसून शेकडो संगणकांना एकदम हुकूम सोडला, की त्यांच्याकडून जी उत्तरे येतात, त्यांचा अहवाल!

हे वाङ्मय माझ्या वाट्याला कसे आले ते सांगतो. पासबुकाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढता येतो, एवढ्या तांत्रिक पात्रतेवर बँकेने मला शाखेतून उचलले आणि डेटा सेंटरमध्ये नेऊन बसवले. तिथे एक तरुण इंजिनियर आहे. तो रात्री दोन वाजता बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या ४१२ संगणकांना काहीतरी हुकूम सोडतो. सकाळी त्याचा अहवाल छापायचा, भोके पाडायची, फायलीला लावायचा आणि कोपऱ्यात बारीक सही करायची, हे माझे काम. बारीक सहीचा अर्थ 'पाहिले' असा होतो. 'वाचले' असा होत नाही, हे बँकेत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. पण मला लहानपणापासून भेळेचा कागदसुद्धा वाचून मग टाकायची सवय. मी अहवाल वाचू लागलो.

हा प्रकार मुळात सोपा आहे. समजा, घरात मुलीचे लग्न ठरले आणि तुम्ही ४०० नातेवाईकांना एकाच वेळी फोन लावलात. म्हणजे तुमच्याकडे ४०० फोन आहेत आणि ४०० कान आहेत असे समजा. कोणी लगेच 'येतो' म्हणेल, कोणी 'मुहूर्त किती वाजताचा?' विचारेल, कोणी आधी आपल्या गुडघ्यांविषयी सांगेल. सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळतील. आता आमच्या हिने यातून जेवणाऱ्यांचा आकडा काढायचा आणि आचाऱ्याला सांगायचा. बस्स, या अहवाल-वाङ्मयाची मूळ समस्या एवढीच. हुकूम सोडणे सोपे असते. उत्तरे ऐकायला माणूस लागतो.

या वाङ्मयात घराणी आहेत. जुने घराणे 'पीडीएसएच'चे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर नावाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे अण्वस्त्रांवर संशोधन चालते आणि संगणक हजारांनी लागतात. हे घराणे तिथले. त्याची रीत साधी: जो संगणक बोलेल त्याच्या प्रत्येक ओळीआधी त्याचे नाव आणि एक विसर्ग, म्हणजे आपले दोन टिंब. नाटकाच्या पुस्तकात असते तसे. फरक इतकाच, की नाटकात एक पात्र बोलून झाल्यावर दुसरे बोलते; इथे सगळी पात्रे पहिल्या अंकापासून एकदम बोलत असतात. म्हणून त्याच्या जोडीला 'डीएसएचबॅक' नावाचा एक सूत्रधार दिला आहे. तो प्रत्येकाची वाक्ये वेगळी करून एकेका पात्राच्या नावाखाली गोळा करतो. शिवाय त्याला नुसते 'सी' म्हटले, की ज्यांचे उत्तर अक्षरशः एकच आहे त्यांना तो एका मथळ्याखाली कोंबतो. ४०९ जणांचे एक उत्तर असेल तर ते एकदाच छापून येते. कागद वाचतो, डोळे वाचतात. माझ्या मते मितव्ययाचा याहून चांगला नमुना आपल्या साहित्यात नाही.

पण इथेच समीक्षकाची परीक्षा आहे. तो मथळा कसा असतो? 'शाखा, कंस उघडा, १ ते २१६, २१८ ते ४१२, कंस पुरा.' वाचणारा 'एक' वाचतो, 'चारशे बारा' वाचतो आणि चहाला जातो. मधल्या स्वल्पविरामात एक अख्खी शाखा गडप झालेली असते. २१७ नंबरची तक्रार वर कुठेतरी सुटी येऊन पडद्यावरून सरकून गेलेली असते, कारण तक्रारींची वाट वेगळी आणि उत्तरांची वेगळी. सूत्रधाराच्या हाती फक्त उत्तरे येतात. जे बोललेच नाही त्या पात्राचे नाव श्रेयनामावलीतही नाही. एका स्वल्पविरामात इतका आशय दडवून ठेवणे थोर थोर कवींनाही साधलेले नाही, हे मी मान्य करतो. पण अहवालाने कविता करू नये.

नव्या घराण्याचे नाव 'अॅन्सिबल'. ते मायकेल डीहान या गृहस्थांनी २०१२ साली काढले. शब्द मात्र त्याहून जुना. उर्सुला ली ग्विन या लेखिकेने १९६६ सालच्या एका विज्ञान-कादंबरीत असे यंत्र कल्पिले होते, की एका ताऱ्यावरून बोललेले दुसऱ्या ताऱ्यावर तत्क्षणी ऐकू जाते. आमच्या बँकेत मुख्य कचेरीचे बोललेले तालुक्याला ऐकू जाईल, तर मी ताऱ्यांचा आग्रह धरणार नाही.

या घराण्याच्या अहवालाला रंग असतात. ठीक असेल तर हिरवा, काही बदलले असेल तर पिवळा, बिघडले असेल तर लाल. शिवाय गाय असते. हो, गाय! संगणकावर 'काउसे' नावाचा एक गमतीचा प्रोग्राम असला, की अॅन्सिबलची शीर्षके विरामचिन्हांनी काढलेल्या एका गाईच्या तोंडून बाहेर पडतात. गाय नको असेल तर 'नो काउज' असा रीतसर हुकूम सोडावा लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी ती गाय छापून आली तेव्हा शिपाई मामांनी तो कागद फायलीत लावू दिला नाही. "भोक कुठं पाडताय साहेब? पाठीत?" म्हणाले. तो कागद अजून देवाच्या कॅलेंडरशेजारी चिकटवलेला आहे.

अहवालाच्या शेवटी उपसंहार येतो. प्रत्येक संगणकाला एक ओळ आणि ओळीत सात रकाने: ओके, चेंज्ड, अनरीचेबल, फेल्ड, स्किप्ड, रेस्क्यूड, इग्नोर्ड. सात रकाने पाहून मला माहेरी आल्यासारखे वाटले. पण रकाना दिसला की त्याचा अर्थ विचारायचा, हे आम्हांला कॉलेजात शिकवलेले. शेवटच्या रकान्याचा अर्थ मी इंजिनियरला विचारला.

"काका, एखादी पायरी चुकली तरी थांबू नकोस, असं आधीच लिहून ठेवता येतं. मग ती चूक फेल्डमध्ये धरत नाहीत. इग्नोर्डमध्ये एक वाढतो."

"आणि?"

"आणि ओकेमध्येही एक वाढतो."

मी खुर्चीतून उठलो. चूक झाली, तिच्याकडे दुर्लक्ष केले, म्हणून ती 'ठीक'च्या खाती जमा! बुडीत कर्ज उत्पन्नात दाखवण्याची ही युक्ती आपण भारतीयांनीच काढली, असा माझा इतके दिवस अभिमान होता. बिचारा इग्नोर्ड रकाना निदान प्रामाणिकपणे उजव्या टोकाला उभा असतो. पण कागद छोटा पडला की पहिले कापले जाते ते उजवे टोक.

'ठीक' म्हणजे काय, हा तर सौंदर्यशास्त्राइतकाच गहन प्रश्न आहे. यंत्रांच्या जगात काम नीट झाले की उत्तर शून्य येते. एक, दोन, सतरा, काहीही दुसरे आले म्हणजे गडबड. ज्याने आयुष्यभर शून्य मार्कांची धास्ती घेतली, त्याला हे पचायला वेळ लागतो. पण सरकारी कचेरीत काम केलेल्याला नाही. तिथे 'निरंक' कळवला की सगळे सुखी. पंचाईत अशी, की ज्याचे त्याचे शून्य वेगळे. 'ग्रेप' नावाची आज्ञा फायलीत शब्द शोधते. सापडला तर शून्य, सापडला नाही तर एक. आता तुम्ही ४१२ संगणकांत विषाणूची खूण शोधायला तिला पाठवलीत आणि ती कुठेच सापडली नाही, म्हणजे आनंदी आनंद, तर अहवाल मात्र ४१२ ठिकाणी लालबुंद! चोर नाही म्हणून हवालदार नापास. उलट बाजू याहून वाईट. दोन-तीन आज्ञा एकापुढे एक जोडून रांग केली, तर रीत अशी की रांगेतल्या शेवटच्याचे उत्तर ते सगळ्यांचे उत्तर. पुढच्याने तिजोरीची नक्कल करायची आणि मागच्याने ती केल्याची नोंद वहीत उतरवायची, अशी रांग असेल आणि नक्कल मुळीच झाली नाही, पण वहीवाल्याने वही नीट लिहिली, तर उत्तर शून्य. म्हणजे उत्तम! यावर उपाय आहे, 'पाइपफेल' म्हणून एक कळ आहे. पण ती आपणहून फिरवावी लागते. न फिरवता रात्रीच्या रात्री सुखाने गेलेले लोक पुष्कळ असतील.

मला सर्वांत खटकते ती या उपसंहारातली क्रमवारी. संगणकांची नावे वर्णानुक्रमाने येतात. वर्णानुक्रम ही फार लोकशाहीवादी गोष्ट आहे; टेलिफोनच्या डिरेक्टरीत ती शोभत असे. पण ४१२ ओळींत २१७ वी ओळ लाल आहे, वर २१६ हिरव्या आणि खाली १९५ हिरव्या, तर ती दिसणार कोणाला? त्यातून आम्ही अहवाल काळ्या शाईत छापतो! मरण पावलेल्याचे नाव वर्तमानपत्रात 'आज शहरात जिवंत असलेले नागरिक' या यादीत वर्णानुक्रमे रेघ मारून छापण्यातला हा प्रकार आहे.

आणि एवढे करून ज्याचे नाव मूळ यादीतच नाही, त्याचे काय? तो हिरवा नाही, लाल नाही, अनरीचेबलही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडतो, "श्रीखंड पोचलं ना सगळ्यांना?" कोणी नाही म्हणत नाही. पातेले आत जाते. खांबाआड बसलेल्या मावशी ओरडणाऱ्यांतल्या नसतात. त्या पुढे वीस वर्षे फक्त आठवण काढतात.

कोणी म्हणेल, श्रीखंडाचे एवढे काय मनावर घ्यायचे? तर एक हकीकत सांगतो. ती अमेरिकेतल्या शेअरबाजाराची आहे आणि तिथल्या सरकारी नियामकाने २०१३ साली दिलेल्या आदेशात सगळी लिहून ठेवलेली आहे. नाइट कॅपिटल ही शेअरांची मोठी दलाली करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ या दिवसासाठी तिने आपल्या ८ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवायला घेतला. तंत्रज्ञाने ७ वर चढवला. आठवा राहिला. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आमच्याकडे साधा पत्ता बदलायचा तरी एक मेकर लागतो आणि एक चेकर!

आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा एक जुना प्रोग्राम पडून होता. २००३ पासून कोणी वापरला नव्हता. नव्या प्रोग्रामसाठी जी खूण ठरवली होती ती नेमकी जुन्याला उठवण्याची खूण. बाजार उघडला, ऑर्डरी आल्या आणि नऊ वर्षे झोपलेला कुंभकर्ण उठून शेअर खात सुटला. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी होत्या २१२. त्यांच्यापायी ४५ मिनिटांत ४० लाख सौदे झाले, १५४ कंपन्यांचे, ३९ कोटी ७० लाख शेअर्स. नुकसान ४६ कोटी डॉलरांहून जास्त. पुढल्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यात समीक्षकाने थबकावे अशा दोन जागा आहेत. पहिली: त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच यंत्राने स्वतः ९७ ई-मेल पाठवले होते, की पॉवर पेगबाबत काही चूक दिसते आहे. सत्त्याण्णव! पण असले ई-मेल त्यांच्याकडे इशारा म्हणून वाचायची पद्धत नव्हती. वाङ्मय निर्माण झाले, वाचक लाभला नाही. दुसरी जागा याहून करुण. गोंधळ उडाल्यावर लोकांना वाटले, नवा प्रोग्रामच बिघडलेला आहे. म्हणून त्यांनी तो काढून टाकला; ज्या ७ सर्व्हरांवर सगळे नीट चालले होते त्यांच्यावरून! मग आठही कुंभकर्ण. आठवा वेगळा आहे, एवढे एक वाक्य कोणी त्यांच्यापुढे ठेवले असते तर! आठच तर होते. चारशे बारा नव्हते.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फायलीने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, तेव्हाही मला प्रथम हाच विचार सुचला. मेलेले यंत्र 'मी मेलो' असे कळवू शकत नाही. ते नुसते गप्प होते. माणसांना पुष्कळ ठिकाणी जागेवर जाऊन एकेक यंत्र हाताने उठवावे लागले.

आमच्याकडले प्रकरण इतके मोठे नाही. पासबुक छापण्याच्या प्रोग्रामात एक दुरुस्ती सगळ्या शाखांना पाठवायची होती. ती ज्या संगणकावर पोचणार नाही तिथले पासबुक त्या दिवसापासून छापले जाणार नव्हते. अहवाल आला: ४१२ पैकी ४०९ यशस्वी. साहेबांकडे गेला तो आणखी सुबक होऊन: ९९.२७ टक्के. साहेबांनी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशीही ९९.२७. अकरा दिवस ९९.२७. मला त्या आकड्याची स्थिरता बघवेना. शेअरबाजारातसुद्धा इतकी स्थिरता संशयास्पद मानतात. मी त्या उरलेल्या तिघांची नावे शोधून काढली, इंजिनियरकडून नव्हे, तर यादीवर पट्टी ठेवून, आणि एका शाखेला फोन लावला.

"अहो, कळवायचं कसं?" तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या. "पेन्शनर मंडळी रोज एस.टी.ने येताहेत. पासबुक भरून मिळाल्याशिवाय पेन्शन जमा झाली यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मोबाइलवर मेसेज आलाय म्हटलं तर म्हणतात, मोबाइल नातवाकडं असतो. एक आजोबा तर अकरा दिवसांत चारदा येऊन गेले."

"पण तुमचं मशीन रात्री उत्तर देत नाही."

"कसं देईल? रात्री आम्ही मेन स्विचच बंद करतो. मुख्य कचेरीचंच परिपत्रक आहे, विजेची बचत करा म्हणून. आम्ही ते पाळलंय असा अहवालसुद्धा पाठवलाय!"

तो अहवालही बहुधा कुठल्या तरी टक्केवारीत जमा झालेला असणार.

दुसऱ्या शाखेचे मशीन दुरुस्तीला गेले होते. तिसऱ्या शाखेने जागा बदलली होती आणि आम्ही रोज रात्री दोन वाजता जुन्या पत्त्यावर हाका मारत होतो. तीन फोन, वीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती हाताने चढवली आणि पहिल्या शाखेतल्या आजोबांचे पासबुक भरले. ही माहिती कुठल्याही अहवालात नाही. बाईंनी आपणहून फोन करून सांगितली.

मग मी इंजिनियरला शेजारी बसवले आणि कॅश कशी मिळवतात ते शिकवले. सकाळची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर संध्याकाळची शिल्लक. फरक आला तर कोणी घरी जायचे नाही, एक रुपया असला तरी नाही. तसा तुझा अहवाल कर, म्हटले. पहिली ओळ: यादीत किती. दुसरी: उत्तर किती. तिसरी: फरक किती आणि कोण कोण, नावानिशी. हिरवे सगळे खाली, हवे तर गाईच्या पायाशी. आणि यादी स्वतः शाखा-विभागाच्या रजिस्टराशी महिन्यातून एकदा ताडून घे. पोरगा हुशार. एका दुपारीत केले.

साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे काय? उघडल्या उघडल्या फरक? हा वरती पाठवायचा मी? आणि टक्केवारी कुठे गेली?"

तेव्हापासून दोन अहवाल निघतात. टक्क्यांचा साहेबांकडे जातो. फरकाचा माझ्याकडे येतो आणि मी फोन लावायला बसतो. काल फरक एकाचा होता. शाखेतून उत्तर आले, मशीन चालू आहे, पण उंदराने वायर खाल्ली. इंजिनियर सातही रकाने दोनदा वरखाली पाहत बसला आणि म्हणाला, "काका, हे कशात टाकू?"